मूळ संचाबाहेरची नायिका

प्रिय ताई,

मी व्यावसायिक रंगभूमीवर काम करते. नऊ महिन्यांपूर्वी एका चालू कौटुंबिक नाटकात मुख्य भूमिकेसाठी रिप्लेसमेंट म्हणून गेले. आधीच्या अभिनेत्रीला मालिका मिळाली आणि तारखा जुळेनात. मला चार तालमी मिळाल्या, त्यातल्या दोन दिग्दर्शकाशिवाय. तिनं साठेक प्रयोग केले होते, माझे आता शंभराच्या पुढे गेलेत. यंदा एका संस्थेनं या नाटकासाठी उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार तिला दिला. आमची सगळी टीम मंचावर होती आणि मी प्रेक्षकांत. नंतर आयोजकांना विचारलं तर म्हणाले, ‘आमच्याकडे रिप्लेसमेंटचा विचार होत नाही.’ दिग्दर्शक म्हणाले, ‘तिनं उभं केलंय, तू चालवतेयस.’ ते वाक्य डोक्यातून जात नाही. नवरा म्हणतो सोडून दे. एक सहकलाकार म्हणतो फेसबुकवर लिही. मला तिचा पुरस्कार नकोय, पण माझ्या कामाचा विचारच होऊ नये हे बरोबर आहे का? असं वाटणं हावरटपणाचं आहे का? आणि आता दुसऱ्या एका नाटकातून पुन्हा रिप्लेसमेंटसाठीच विचारणा झालीय. घेऊ की नको?

– एक अभिनेत्री, डोंबिवली

*

प्रिय मैत्रीण,

हावरटपणाचं अजिबात नाही. या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो तू सगळ्यात दबक्या आवाजात विचारलायस. आपलं काम जाणकारांनी समोर बसून बघावं आणि त्यावर काहीतरी म्हणावं, असं नटाला वाटणारच. तुला तेवढंच हवंय. दुसऱ्या कुणाकडून काही काढून घ्यायचं नाही, हे तू पत्रात स्वतःच लिहिलंयस.

नियमाबद्दलचं माझं मतही स्पष्ट सांगते. रिप्लेसमेंट कलाकार पुरस्काराला पात्र असला पाहिजे. त्याच वर्गात आणि त्याच निकषांवर. अट एकच, परीक्षकांनी त्याचा प्रयोग प्रत्यक्ष पाहिलेला असावा.

तुझ्या दिग्दर्शकांच्या म्हणण्यात अर्धं सत्य आहे आणि त्याला मान दिलाच पाहिजे. नवं नाटक उभं राहतं तेव्हा महिना-दीड महिना तालमी चालतात. संहिता रोज बदलत असते. दुसऱ्या अंकातला प्रवेश पहिल्यात येतो, चांगली वाक्यं कापली जातात, आणि ही बाई नक्की कोण आहे हे लेखकालाही पूर्ण कळलेलं नसतं. त्या अंधारात पहिली अभिनेत्री चाचपडत ती बाई शोधते. तिच्यासमोर नमुना नसतो. ती जिथे थांबते तिथे पुढे प्रकाशाचा क्यू लागतो, ती जसा श्वास घेते तसं वाक्य लेखक पुन्हा लिहितो. या कामाचा पुरस्कार तिला मिळाला तो योग्यच मिळाला. त्याबद्दल मनात काही असेल तर काढून टाक. ती आता नाटकात नसली तरी त्या भूमिकेत तिची मेहनत आहे, आणि तू रोज संध्याकाळी तिच्यावर उभी राहतेस.

पण ‘तू चालवतेयस’ हा उरलेला अर्धा भाग चुकीचा आहे. तो कुणीतरी नीट खोडून काढायला हवा.

रिप्लेसमेंट म्हणून जाणाऱ्या नटाला काय करावं लागतं, ते फार थोडे लोक बघतात. हातात प्रयोगाचं चित्रीकरण दिलं जातं, बहुतेक वेळा मागच्या रांगेतून एकाच कॅमेऱ्यानं घेतलेलं, ज्यात चेहरे दिसत नाहीत. त्यावरून हालचाली पाठ करायच्या. चार तालमींपैकी एखादीला समोरचा नट मालिकेच्या शूटिंगमध्ये अडकलेला असतो, त्याची वाक्यं सूत्रधार वाचून दाखवतो. कपडे दुसरीच्या मापाचे असतात, ते उसवून नीट करायचे. बाकी सगळ्यांच्या अंगात साठ प्रयोगांची लय भिनलेली. त्यांना हशा कुठे येतो, किती वेळ थांबायचं, सगळं माहीत, आणि ती लय दुसऱ्या बाईच्या आवाजावर बसलेली. तू अर्धा श्वास उशिरा बोललीस की समोरच्याची टाळी जाते. त्यानं काही म्हटलं नाही तरी विंगेत ते कळतं. आणि पुढे बसलेल्या प्रेक्षकानं बुकिंगच्या खिडकीवर विचारलेलं असतं, ‘मूळ संच आहे ना?’

अशा जागी दोन गोष्टी होऊ शकतात. एक, नट हुबेहूब नक्कल करतो. प्रयोग पडत नाही, निर्माता खूश, तारीख वाचते. त्यालाही कौशल्य लागतं, पण त्याला पुरस्कार देऊ नये असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. दुसरी गोष्ट क्वचित होते. पाचव्या-दहाव्या प्रयोगानंतर नवा नट त्याच हालचालींच्या आत, तेच शब्द उच्चारत, वेगळा माणूस उभा करतो. नेपथ्य तेच, प्रकाश तोच, वाक्यही तेच. पण जिथे आधीची चिडत होती तिथे ही हसते, आणि प्रेक्षकाला त्या नायिकेचं लग्न पहिल्यांदा समजतं. यात मोकळीक फार थोडी असते. इतक्या अरुंद जागेत जो नवं काही करतो, त्याचं काम निर्मितीचंच आहे. तू या दोघांपैकी कोण आहेस हे मला माहीत नाही, मी तुझा प्रयोग पाहिलेला नाही. माझी तक्रार नेमकी इथेच आहे. पुरस्कार देणाऱ्यांनीही तो पाहिलेला नाही.

‘भूमिका पहिल्यांदा करणाऱ्याचाच मान’ हे तत्त्व जगात कुठेही प्रामाणिकपणे पाळलं जात नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेचं उदाहरण घेते, कारण तिथल्या व्यावसायिक नाटकांना मिळणाऱ्या टोनी पुरस्कारांचे नियम लेखी आणि काटेकोर आहेत. ‘फनी गर्ल’ हे संगीत नाटक १९६४ साली आलं. त्यातली फॅनी ब्राइस बार्बरा स्ट्रायसँडनं केली होती. २०२२ च्या एप्रिलमध्ये ते ब्रॉडवेवर पुन्हा आलं तेव्हा ती भूमिका बीनी फेल्डस्टीनकडे होती. स्ट्रायसँडनं ती भूमिका केली त्याला ५८ वर्षं झाली होती, तरी फेल्डस्टीन टोनीसाठी पात्र होती, कारण निर्मिती नवी होती. तिला नामांकन मिळालं नाही आणि उन्हाळ्यात तिनं नाटक सोडलं. सप्टेंबरमध्ये लिया मिशेल आली. तिकीटबारीचं चित्र पालटलं, प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. ती मात्र पात्र नव्हती, कारण ती रिप्लेसमेंट. म्हणजे ५८ वर्षांनी तीच भूमिका करणारी नवी ठरली आणि पाच महिन्यांनी करणारी शिळी! यात कलेचं तत्त्व कुठे आहे, मला सांग. आहे ती फक्त सोय. मतदार उद्घाटनाच्या सुमाराला नाटक पाहून गेलेले असतात, त्यांना पुन्हा बोलवायचं म्हणजे शेकडो तिकिटं आणि शेकडो संध्याकाळी.

आपल्याकडेही तेच. ‘चारचौघी’ १९९१ साली आलं तेव्हा त्यात वंदना गुप्ते, दीपा श्रीराम, आसावरी जोशी आणि प्रतीक्षा लोणकर होत्या. २०२२ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनीच ते पुन्हा बसवलं तेव्हा रोहिणी हट्टंगडी, मुक्ता बर्वे, कादंबरी कदम आणि पर्ण पेठे आल्या. यातल्या कुणाला रिप्लेसमेंट म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नाही. लोकांनी त्यांचं काम त्यांचं म्हणून पाहिलं. ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा १९६२ पासून प्रभाकर पणशीकरांच्या नावावर आहे, पण डॉ. गिरीश ओकांनी तो केला तेव्हा आपण त्यांच्याकडेही नव्यानंच पाहिलं. हे मान्य असेल तर तुझ्याकडे तसं का पाहू नये? तुला चारच तालमी मिळाल्या म्हणून?

जरा मागे गेलं तर आपल्या रंगभूमीचा सगळा डोलाराच एकाच्या भूमिकेत दुसऱ्यानं जाण्यावर उभा आहे. किर्लोस्कर नाटक मंडळीत भाऊराव कोल्हटकरांची शकुंतला गाजली. ते १९०१ साली गेले. १९०५ मध्ये मिरजेला नारायण श्रीपाद राजहंस नावाचा तरुण शकुंतला म्हणून उभा राहिला. बालगंधर्वांची कारकीर्द अशी दुसऱ्याच्या गाजलेल्या भूमिकेत सुरू झाली. भाऊरावांना ऐकलेले रसिक समोर बसलेले असणार आणि त्यांनी तुलनाही केली असणार. पण ‘याचा विचार होत नाही’ असं म्हणून कुणी कान बंद करून घेतले नाहीत. आणि ‘नटसम्राट’. २३ डिसेंबर १९७० ला गोवा हिंदू असोसिएशननं पहिला प्रयोग केला, तेव्हा गणपतराव बेलवलकर होते डॉ. श्रीराम लागू. त्यांच्यानंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी तो केला. आजही जुने प्रेक्षक भेटले की ‘आम्ही दत्ता भटांचा पाहिलाय’ असं अभिमानानं सांगतात. डॉ. लागूंचा चुकला म्हणून हळहळत सांगत नाहीत. एकाच भूमिकेत दोन-तीन मोठी माणसं मावतात, हे प्रेक्षकांना कधीच कळलंय.

आता ‘रिप्लेसमेंटसाठी वेगळा वर्ग करा’ या सूचनेबद्दल. तुझ्या आयोजकांपैकी कुणीतरी ही सूचना लवकरच करेल, कारण ती उदार दिसते. लंडनच्या व्हॉट्सऑनस्टेज पुरस्कारांत असा वर्ग ठेवलेला आहे, पण ते पुरस्कार प्रेक्षकांच्या मतांवर दिले जातात. परीक्षकांच्या पुरस्कारात काय होतं ते टोनीनं दाखवलं. २००५ मध्ये त्यांनी पुन्हा साकारलेल्या भूमिकेसाठी स्वतंत्र पुरस्कार जाहीर केला. पहिल्याच वर्षी एकाही नावावर पुरेशी मतं जमली नाहीत, आणि एकदाही न देता तो पुरस्कार रद्द झाला. आपल्याकडे तर वर्षाला मुख्य भूमिकेत मनावर ठसणाऱ्या रिप्लेसमेंट किती होतात? एक, फार तर दोन. दोन नावांच्या वर्गाला नामांकन म्हणत नाहीत. तो उत्तेजनार्थ होतो, आणि ज्या बाईनं शंभर प्रयोग ओढलेत तिला उत्तेजन कसलं द्यायचं?

टोनीच्याच इतिहासात याहून चांगला दाखला आहे. १९७० साली ‘कंपनी’ या संगीत नाटकात डीन जोन्स नायक होता. उद्घाटनानंतर थोड्याच आठवड्यांत त्यानं ते सोडलं आणि लॅरी कर्ट आला. समितीनं खास निर्णय घेऊन कर्टला पात्र ठरवलं आणि १९७१ मध्ये त्याला मुख्य अभिनेत्याच्या वर्गात नामांकन मिळालं. जिंकला दुसराच, आणि मूळ संचाच्या ध्वनिमुद्रिकेवर आवाज डीन जोन्सचा राहिला. पण कर्टचं काम इतरांच्या पंगतीत बसवून तोललं गेलं. तू मागतेयस ते एवढंच आहे. त्याआधी १९६८ मध्ये ‘हॅलो, डॉली!’मध्ये नंतर आलेल्या पर्ल बेलीला विशेष टोनी दिला गेला होता. म्हणजे नियमांच्या त्या बालेकिल्ल्यातही, डोळ्यांनी पाहिलं की दार उघडायची बुद्धी झाली होती.

मराठी नाटकाला हे त्यांच्यापेक्षा खूप सोपं आहे. आपल्याकडे परीक्षक शेकड्यांनी नसतात. मुंबई, ठाणे, पुणे इथली मोजकी नाट्यगृहं. नाटक दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे लागलेलंच असतं. तीन-चार माणसांना शिवाजी मंदिरला किंवा गडकरी रंगायतनला एका दुपारी पुन्हा बोलवायचं, यात अशक्य काय आहे? म्हणून नियम असा असावा: मुख्य किंवा महत्त्वाच्या भूमिकेत नव्या कलाकारानं वर्षभरात किमान पंचवीस प्रयोग केले असतील आणि निर्मात्यानं प्रवेशिका दिली, तर परीक्षकांनी तो प्रयोग पाहावा आणि त्या वर्षीच्या इतर सगळ्या भूमिकांबरोबर तोलावा. नाटक गेल्या वर्षीचं असलं तरी चालेल, भूमिका यंदाची आहे. पंचवीसचा आकडा यासाठी, की पुरस्काराच्या मोसमात एखाद्या मोठ्या नावाला पाच प्रयोगांपुरतं उभं करून प्रवेशिका भरायचा मोह कुणाला होऊ नये. तो मोह होईल. निर्माते व्यवहारी माणसं असतात आणि त्यांनी तसं असावंही.

मूळ कलाकारावर अन्याय होईल, हा आक्षेप मला पटत नाही. तिचं वर्ष वेगळं, तुझं वेगळं. समजा दोघी एकाच वर्षात आल्या तरी परीक्षकांना दोन कामं दिसतात, दोन नावं लिहायला काय हरकत आहे?

आता तू काय करायचं ते सांगते.

फेसबुकवर लिहू नकोस. तू कितीही जपून लिहिलंस तरी दुसऱ्या दिवशी ते ‘तिच्याविरुद्ध हिचं’ होणार. तुझ्या सहकलाकाराचा त्यात काही तोटा नाही, तुझा आहे. पुढचे दोन महिने विंगेत लोक तुझ्याशी जपून बोलतील. नवऱ्याचं ‘सोडून दे’ही मला मान्य नाही, कारण तू सोडून दिलंस तर पुढच्या वर्षी दुसरी मुलगी प्रेक्षकांत बसलेली असेल.

त्याऐवजी आधीच्या अभिनेत्रीला फोन कर. तिचं अभिनंदन मनापासून कर, आणि मग तिला सांग की आयोजकांना मी असं पत्र लिहितेय, तू सही करशील का? मला वाटतं ती करेल. मालिकेत गेलेल्या प्रत्येक नटाला ठाऊक असतं की आपलं नाटक कुणीतरी सांभाळतंय म्हणूनच आपल्याला अपराधी वाटत नाही. तिची सही असलेल्या पत्राला ‘हिला मत्सर वाटतोय’ असं कुणी म्हणू शकणार नाही. रिप्लेसमेंट म्हणून गेलेले आणखी चार-पाच जण तुझ्या ओळखीत असतीलच, त्यांच्याही सह्या घे. पत्र एक पानाचं असू दे. त्यात तुझ्या पुरस्काराबद्दल एक अक्षर नको, फक्त नियमाची सूचना. पुढच्या वर्षीच्या प्रवेशिका मागवण्याच्या बऱ्याच आधी ते पोचलं पाहिजे. जाहिरात निघाल्यावर कुणी नियम बदलत नाही. एक प्रत नाट्य परिषदेच्या तुमच्या शाखेला दे.

निर्मात्याशी वेगळं बोल. तुझं नाव वर्तमानपत्राच्या जाहिरातीत येतं का? नसेल तर ते पहिलं मागणं. पुरस्कारापेक्षा मी त्याला जास्त महत्त्व देते, कारण जाहिरातीत नाव नसलेल्या कलाकाराला परीक्षक तरी कुठून शोधणार? दुसरं मागणं, समीक्षकांसाठी एक प्रयोग. निर्मात्याला यात दहा-बारा खुर्च्यांपलीकडे खर्च नाही, आणि नाटकाबद्दल पुन्हा दोन ओळी छापून आल्या तर त्याचाच फायदा आहे. बहुतेक निर्मात्यांना हे सुचतच नाही, म्हणून सुचवावं लागतं.

आणि दिग्दर्शक. त्यांनी तुझा पूर्ण प्रयोग प्रेक्षकांत बसून शेवटचा कधी पाहिला? माझा अंदाज, पहिल्या दोन-तीन प्रयोगांनंतर नाही. नाटक चाललं की दिग्दर्शक पुढच्या नाटकाच्या मागे लागतात, त्यात वाईट हेतू नसतो. त्यांना सांग, सर, एकदा पूर्ण बघा आणि नोट्स द्या. भांडायला जाऊ नकोस, नोट्स घ्यायलाच जा, आणि येतील त्या मनापासून घे. शंभर प्रयोगांनंतर तुझ्या कामातही काही जागा सैल झाल्या असतील, हशासाठी थोडं जास्त थांबायची सवय लागली असेल. त्यांनी बघितल्यावर ते वाक्य ते पुन्हा म्हणतात का, ते तुला कळेल. म्हणाले तर निदान पाहून म्हणाले असतील.

राहिला नव्या विचारणेचा प्रश्न. घे, पण अटींवर. किमान सात-आठ तालमी, त्यातल्या निम्म्या तरी दिग्दर्शक आणि पूर्ण संचाबरोबर. पहिल्या प्रयोगापासून जाहिरातीत नाव. नाईटचा, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनाचा, आकडा आधीच्या अभिनेत्रीपेक्षा कमी असेल तर किती प्रयोगांनंतर वाढेल हे आधीच ठरवून घे, तोंडी नको, व्यवस्थापकाकडून लेखी. आणि एखाद्या प्रवेशात आपल्या पद्धतीनं काही करून बघायची मुभा, हे दिग्दर्शकाला समोर बसून विचार. तो लगेच ‘नाही, जसं आहे तसंच’ म्हणाला तर ते काम पैशांसाठी घे किंवा सोडून दे, पण त्यात जीव अडकवू नकोस.

सलग तिसरी रिप्लेसमेंट मात्र घेऊ नकोस. मधे एक तरी नवं काम कर, प्रायोगिक असेल, दीर्घांक असेल, पैसे नसले तरी चालतील. ज्या अंधाराबद्दल मी वर लिहिलं, जिथे भूमिका अजून कुणाचीच नसते, तिथे तू अलीकडे किती दिवसांत उभी राहिली नाहीस ते बघ. व्यावसायिक वर्तुळात एकदा ‘ही पटकन उभी राहते’ असं नाव झालं की फोन त्याच कामासाठी येत राहतात. ते नाव चांगलं आहे, त्यावर घर चालतं. पण निर्मात्यांच्या वहीत तुझ्या नावापुढे तेवढंच लिहिलेलं असू नये, ही काळजी तुलाच घ्यावी लागेल.

आयोजकांना लिहायच्या पत्राचा मसुदा तयार झाला की मला पाठव, मी बघून देईन. आणि तुमच्या नाटकाची ठाण्यातली पुढची तारीख कळव. मी तिकीट काढून येते.

– तुझी ताई